न्यूझीलंडच्या हरणासाठी कॅलिबर

माझ्या नवऱ्याला पाल दिसली की तो बाथरूमच्या बाहेर उभा राहतो आणि मला हाक मारतो. हाच माणूस मागच्या वर्षी दर शुक्रवारी संध्याकाळी या शहराएवढ्या बेट-देशातल्या आमच्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये, माझ्याच डायनिंग टेबलाशी बसून, हरणाला कुठल्या गोळीने लोळवावं यावर वाद घालत होता. हरीण न्यूझीलंडमध्ये होतं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

वाद घालणारे तिघे. पहिला माझा नवरा प्रबोध, तांजोंग पगारच्या एका बँकेत रिस्क विभागात. कुठून काय धोका येऊ शकतो हे आधीच ओळखून त्यावर आकडे मांडायचे, हे त्याचं काम. घरी आल्यावरही ते सुटत नाही. दुसरा अभय, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, आयटीतला मोठा मॅनेजर. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याचे पूर्वज सरदार होते. आम्हाला माहीत असलेला त्याचा सगळ्यात जवळचा पूर्वज साताऱ्याच्या सहकारी बँकेत हेडक्लार्क होता. तिसरा अनिमेष. त्याला स्वतःचं मत नाही, पण ज्याचा आवाज मोठा त्याच्या मताला तो मनापासून मान डोलावतो. अशी माणसंही लागतात, नाहीतर बैठक रंगत नाही.

कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीचं तोंड किती रुंद, आणि म्हणून गोळी केवढी. बस्स. मला हे भजी तळता तळता कळलं. या तिघांना मात्र असं एकच कॅलिबर हवं होतं की ज्याने हरीणही जागच्या जागी पडेल आणि कागदाच्या वर्तुळावर नेमाचा सरावही करता येईल. आता नेमाला बारीक गोळी बरी, धक्का कमी, खांदा शाबूत. हरणाला मोठी लागते, नाहीतर बिचारं अर्धमेलं होऊन रानात फिरत राहतं. दोन्ही एकात हवं म्हटलं की कुठेतरी मन मारावं लागतं, हे कुणालाही समजेल. पण मन मारणं हे या तिघांनी आयुष्यात फक्त बायकांना सांगितलेलं काम.

अभयचं म्हणणं थ्री-ओ-एट, चर्चेतली सगळ्यात मोठी गोळी. "मारायचं तर एका दणक्यात मारायचं," असं तो म्हणायचा आणि टेबलावर मूठ आपटायचा. माझी चटणीची वाटी दर वेळी उडायची. प्रबोधचा कल टू-फोर-थ्रीकडे, कारण खांद्याला बसणारा धक्का कमी. अनिमेष म्हणायचा, सिक्स पॉइंट फाइव्हचं फार नाव ऐकलंय. मग प्रबोधने त्याच्या स्वभावाप्रमाणे तक्ता केला. धक्क्याला इतके गुण, अचूकपणाला इतके, आवाजाला इतके, गोळीच्या किमतीला इतके. याच पद्धतीने त्याने हा फ्लॅट निवडला, फ्रिज निवडला आणि मला दाट संशय आहे की मलाही याच पद्धतीने निवडलं. तक्त्यात टू-फोर-थ्री पहिलं आलं. अभयला राग आला. मग "मर्दानी फील" अशी एक नवी ओळ घातली गेली, तिला भरपूर गुण दिले गेले आणि थ्री-ओ-एट वर सरकलं.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण या टेबलासाठीच केलेली असावी. एक तर या देशात बंदूक राहू दे, घरात एक काडतूस सापडलं तरी माणूस आत जातो. आणि दुसरं म्हणजे न्यूझीलंडच्या ज्या शेतावर हे जाणार होते त्या माणसाशी मेलवर बोलणं मी केलं होतं, कारण हॉटेलं, विमानं, बुकिंग ही कामं मर्दानी नसतात. त्याने स्वच्छ लिहिलं होतं की रायफल आम्ही देऊ. मी प्रबोधला हे सांगितलं. तो म्हणाला, "असू दे गं, पण आपली क्लॅरिटी असायला हवी."

हसून सोडून दिलं असतं मी हे सगळं. पुरुषांना पन्नाशीच्या आसपास काहीतरी होतं. कुणी सायकल घेतो, कुणी गाणं शिकतो. पण या सहलीची तिकिटं मीच काढली होती. तिघांची जाऊन-येऊन होती आणि चौथं नुसतं जायचं होतं. ते राजसचं.

राजस आमचा मुलगा. तेव्हा सोळा वर्षांचा, नुकतीच ओ लेव्हलची, म्हणजे दहावीसारखी, परीक्षा दिलेला. तो दोन वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून इथे आलो आणि तिघंही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झालो. इथे राहणाऱ्या पीआरच्या मुलाला, तो साडेसोळाचा झाला की, लष्कराच्या नोंदणीचं पत्र येतं, आणि अठरानंतर दोन वर्षं एनएस, म्हणजे सक्तीची सैनिकी सेवा. पीआर घेताना ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. तेव्हा राजस पाळण्यातून बाहेर पडला होता फक्त, आणि साडेसोळा हा आकडा कुठल्यातरी दुसऱ्याच मुलाचा वाटत होता.

आपल्या लोकांत याच्यावर एक उपाय चालतो. पत्र येण्याआधी मुलाला बाहेरच्या देशात शाळेत घालायचं आणि त्याचा पीआर सोडून द्यायचा. आईबाप इथेच राहतात, पगार, फ्लॅट, खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवरची कॉफी, सगळं तसंच. मुलगा तेवढा जातो. पुढे त्याला इथे शिकायला, नोकरीला यायचं म्हटलं तर हा डाग आडवा येतो, पण तेव्हाचं तेव्हा. अभयने त्याच्या नीलला असंच क्राइस्टचर्चच्या बोर्डिंगमध्ये पाठवलं. गणपतीत भेटला की तो नवीन आईबापांना बाजूला घेऊन सल्ला देतो, "साडेसोळाच्या आत. उशीर करू नका." मुलाच्या हातात बंदूक नको म्हणून पळ काढणारा हा सरदारांचा वंशज स्वतःसाठी मात्र सगळ्यात मोठी बंदूक मागत होता. नाव अभय.

प्रबोधने राजससाठी त्याच बोर्डिंगमध्ये जागा घेतली होती. जानेवारीच्या शेवटी तिघांनी जायचं, राजसला शाळेत सोडायचं आणि मग डोंगरात हरणं मारायला निघायचं. एका दगडात दोन पक्षी. राजसला जायचं नव्हतं. त्याला इथल्या पॉलिटेक्निकमध्ये जायचं होतं, मग मित्रांबरोबर एनएस, मग इथेच काम. ही त्याची शाळा, हा त्याचा ब्लॉक, ही त्याची भाषा. आमच्याशी मराठीत सुरू केलेलं वाक्य तो तिसऱ्या शब्दाला इंग्रजीत नेतो आणि शेवटी इथल्या लोकांसारखा लाह लावतो.

"आई, एव्हरीवन गोज, लाह," तो मला म्हणाला. "मीच का पळायचं? व्हॉट डिड आय डू?"

मी प्रबोधशी भांडले, अबोला धरला, पुन्हा भांडले. तो शांतपणे म्हणायचा, "अरुणा, तू भावनेने बोलतेस. मी धोका बघतोय." माझ्या पोटचा मुलगा घरातून कायमचा जाणार होता आणि हा माणूस मला शुक्रवारी संध्याकाळी गोळीच्या वजनाबद्दल विचारत होता. त्या महिन्यांत मला त्याची किळस यायची. हे मी मऊ करून सांगणार नाही.

आमच्या शेजारच्या दारात सलमा आणि रशीद राहतात. त्यांचा मोठा मुलगा एनएसमध्ये होता आणि धाकटा हाफीझ राजसच्या वर्गात. शनिवारी तो मोठा घरी यायचा तेव्हा कॉरिडॉरमध्ये त्याचे काळे बूट वाळत घातलेले असायचे, तळाला लाल माती. प्रबोध त्या बुटांना वळसा घालून जायचा आणि रशीदला हसून "गुड मॉर्निंग" म्हणायचा. ईदला त्यांच्या घरचं रंदांग, नारळाच्या दुधात आटवलेलं मटण, आम्ही चाटूनपुसून खायचो.

डिसेंबरात तिघांनी एका गन क्लबात सरावाला जायचं ठरवलं. मला गाडी चालवायला नेलं, कारण नंतर बिअर होती. तिथे नवख्यांना पॉइंट टू-टूचीच रायफल देतात, सगळ्यात बारीक गोळीची. अभयने ती हातात घेतली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय, खेळणं?" त्या खेळण्याने झाडलेल्या त्याच्या पहिल्या पाच गोळ्यांपैकी तीन कागदालाही लागल्या नाहीत. मग तो म्हणाला की छोट्या कॅलिबरला त्याचा हात सरावत नाही. अनिमेषला फोटोसाठी एक रिकामी पुंगळी घरी न्यायची होती. तिथल्या माणसाने हात पुढे करून ती परत मागितली आणि पुन्हा मोजायला लागला. प्रबोधच्या गोळ्या बऱ्यापैकी मध्यभागी बसल्या. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता, शाबासकीसाठी. मी फोन बघत बसले.

गाडीत परतताना तिघांचं एकमत झालं, थ्री-ओ-एटच.

निघायच्या आदल्या शुक्रवारी शेवटची बैठक होती. मी स्वयंपाक केला, कारण मला भांडायलाही ताकद उरली नव्हती. राजसची बॅग हॉलमध्ये भरून उभी होती. तो टेबलाच्या टोकाला बसून भात चिवडत होता. दोन पेग झाल्यावर अभयला प्रेमाचा उमाळा आला.

"काय राजस, चल आमच्याबरोबर डोंगरात एक दिवस! शाळा काय, सोमवारी सुरू होईल. तू कुठलं कॅलिबर घेशील, बोल."

राजसने मान वर केली. "अंकल, हरीण मेलं नाही तर? इफ यू हिट, पण ते पळालं तर कोण जातं मागे?"

"गाइड असतो ना."

"आणि मेल्यावर उचलतं कोण?"

"तोच. त्याचं कामच आहे ते."

"सो यू ऑल ओन्ली पुल द ट्रिगर," राजस म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

अनिमेष हसला आणि कुणीच हसत नाही हे बघून थांबला. अभय म्हणाला, "बेटा, तुला नाही कळायचं. आणि बाबांचे आभार मान. दोन वर्षं चिखलात लोळण्यापेक्षा छान शाळेत चालला आहेस. आपण शेवटी इथे पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरासाठी मरायचं नसतं."

आमच्याकडे पाहुण्यांसमोर नवऱ्याला किंवा त्याच्या मित्राला तोडून बोलत नाहीत. माझ्या आईने कधी केलं नाही, मीही वीस वर्षांत केलं नव्हतं. पण पाहुणे हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"फ्लॅट घेताना आपण इथले होतो, अभय," मी म्हणाले. "पीआर मागताना इथले. नीलला इथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तू ब्लॉकच्या कमिटीत झाडं लावत होतास, फोटो काढून घेत होतास. तेव्हाही इथलाच होतास. फक्त मुलगा द्यायची वेळ आली की पाहुणा. आणि बंदुकीचं इतकं वेड आहे ना तुला? मग फुकट मिळत होती तुझ्या पोराला, दोन वर्षं, रोज. का नको झाली?"

"वहिनी, हे जरा जास्त होतंय."

"कमीच होतंय."

प्रबोध उठून उभा राहिला. मला वाटलं आता तो तेच म्हणणार, अरुणा, तू भावनेने बोलतेस. पण तो ओरडला. एवढ्या वर्षांत मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं.

"आणि मेला तर? सराव करताना मेला तर? मरतात मुलं! तेव्हा तू मला हे भाषण देणार आहेस का?"

कॉरिडॉरमध्ये शेजारच्या दाराची जाळी सरकल्याचा आवाज आला.

राजसने भाताचं ताट बाजूला सारलं. "देन हूज सन, बाबा?" तो हळू आवाजात म्हणाला. "कुणाचा मुलगा जाऊ दे? हाफीझ?"

प्रबोध परत खुर्चीत बसला. माणसाला भीती वाटते हे मी समजू शकते, मलाही वाटत होती, रोज. पण आपली भीती शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची आणि वर स्वतः सहलीला जाऊन हरणावर गोळ्या झाडायच्या, याला मी काय म्हणू? मी राजसची बॅग उचलली, त्याच्या खोलीत नेली आणि कपडे पलंगावर ओतले. बाहेर येऊन सांगितलं, "राजस येत नाही. तुम्ही तिघं जा. थ्री-ओ-एट घेऊन जा, तोफ घेऊन जा."

अभय आणि अनिमेष गोड न खाताच गेले. श्रीखंड होतं. राजसने आणि मी ते भांड्यातूनच खाल्लं.

प्रबोध गेला. जाताना दारात एवढंच म्हणाला, "फेब्रुवारीअखेरपर्यंत शाळा जागा धरून ठेवतेय. आल्यावर बघू." मार्चमध्ये राजस साडेसोळाचा होणार होता. म्हणजे प्रश्न मिटला नव्हता, फक्त आठवडाभर पुढे ढकलला होता. मी त्याला सोडायला विमानतळावर गेले नाही.

त्या आठवड्यात अभयने ग्रुपवर फोटो टाकले. अभय टोपीत, अभय चिखलाच्या बुटांत, अभय रायफल छातीशी धरून दूरवर बघताना. हरणाचा फोटो एकही नव्हता. प्रबोध कुठल्याच फोटोत नव्हता. मी मनाशी वाक्यं तयार करत बसले होते. आला की काय काय ऐकवायचं, कुठल्या शब्दावर थांबायचं, सगळं. मला त्यात मजा येत होती.

तो रविवारी सकाळी आला. बॅग खाली ठेवताना कण्हला आणि उजवा हात वर उचलेना. मी विचारलं, काय झालं? त्याने शर्टाची दोन बटणं काढली. खांद्यावर काळानिळा डाग होता, पुरीएवढा.

"थ्री-ओ-एट," तो म्हणाला.

मी हसले. मला हसू आवरलंच नाही. तो हसला नाही. चहा घेऊन बसला आणि सांगायला लागला, आणखी कुणी काही विचारलं नसताना, कपाकडे बघत.

पहिल्या दिवशी लाकडी पाटीवर सराव झाला, तेव्हाच खांदा गेला. दुसऱ्या दिवशी अभयला हरीण दिसलं. त्याने झाडली, ती पोटात लागली. हरीण उडालं, पडलं, उठलं आणि खाली दरीत गेलं. शेतावरचा माणूस म्हणाला, चला, शोधायला हवं. अभय म्हणाला, अंधार पडतोय. जानेवारीत तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि तेव्हा साडेपाच वाजले होते. मग म्हणाला, गुडघा दुखतोय. अनिमेष अभयला सोबत म्हणून थांबला.

"मग?" मी विचारलं.

"मग मी गेलो. कुणीतरी जायला हवं होतं ना." त्याने कप फिरवला. "झुडपात पडलं होतं. जिवंत. डोळे उघडे, मान हलवत होतं. मला वाटलं आता तो माणूस काय ते करेल. त्याने रायफल माझ्या हातात दिली. म्हणाला, तुमच्या पार्टीचं आहे."

"आणि?"

"केलं मी." त्याने कप खाली ठेवला. "हात इतका थरथरत होता, अरुणा. दोन हातांच्या अंतरावरून झाडली मी. एवढ्या जवळून कुठलंही कॅलिबर चाललं असतं."

मी तयार ठेवलेली वाक्यं तोंडाशी आली होती. चांगली होती, धारदार होती. त्यातलं एकही मी बोलले नाही. अभयबद्दलचं माझं मत मात्र जसंच्या तसं आहे आणि मरेपर्यंत तसंच राहील.

राजस झोपेतून उठून बाहेर आला, केस उभे, चड्डी-टीशर्टवर. बापाला बघून दारातच थांबला. एक हात चौकटीवर. त्याला भीती वाटत होती हे मला दिसत होतं. निकाल ऐकायला आल्यासारखा उभा होता. प्रबोधने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सोळा वर्षांचा पोर, माझ्याहून उंच, अजून मिशी नीट फुटलेली नाही.

"राजस," तो म्हणाला, "तुला जी रायफल देतील ना इथे, ती केवढी असते? कॅलिबर काय असतं तिचं?"

इथे देतील, असं म्हणाला तो.

राजसलाही ते कळलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग खांदे उडवले. "चूज नाही करता येत, बाबा. दे गिव्ह, यू कॅरी, लाह."

प्रबोध उठला. त्याने राजसच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, गळ्याच्या हाडाखाली, जिथे रायफलचा दस्ता टेकतो बरोबर तिथे, आणि अंगठ्याने दाबून बघितलं. किती मांस आहे, किती हाड. एरवी राजस अंगाला हात लावून घेत नाही. त्या सकाळी तो हलला नाही. प्रबोध तिथेच दाबत राहिला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा दुसरा, दुखरा हात उचलत नव्हता.